मतदार यादीत नाव: आपलं, आपल्याच नावानं, आपल्याच गावात

या महिन्याचा अभ्यासपाठ : मोबाइलवरून मतदार नोंदणी
(गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्ये थांबून बोललं तरी चालेल.)



गटाचा पहिला धडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पैसे भरले की पासबुकात नोंद करून घ्यायची, आणि पासबुकात नोंद झाली तरी बँकेच्या खात्यात रक्कम जमा झाली का, ते वर्षातून एकदा तरी पडताळून बघायचं. पासबुक आपल्या पेटीत असतं, पण खरा हिशेब बँकेच्या वहीत असतो.

मतदार कार्डाचंही तसंच आहे. कार्ड म्हणजे पासबुक आणि मतदार यादी म्हणजे बँकेची वही. मतदानाच्या दिवशी केंद्रावरचा अधिकारी आधी यादी बघतो. यादीत नाव असेल आणि कार्ड घरी राहिलं असेल, तर आधार कार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक अशा दुसऱ्या ओळखपत्रावर मतदान करता येतं. पण कार्ड हातात आहे आणि यादीत नाव नाही, तर मतदान करता येत नाही. मग कार्ड कितीही जुनं असो.

म्हणून या पाठात दोन गोष्टी शिकायच्या आहेत. यादीतलं आपलं नाव घरबसल्या कसं तपासायचं ही पहिली. आणि नाव नसेल, चुकलं असेल किंवा माहेरी राहिलं असेल, तर मोबाइलवरून अर्ज कसा करायचा ही दुसरी.

१. यादीत नाव नसलं तर काय अडतं?

पाच वर्षांतून एकदा मत देता येत नाही, एवढंच नुकसान आहे असं आपल्याला वाटतं. नुकसान त्याहून मोठं आहे.

राज्यघटनेनं ग्रामसभेची व्याख्या केली आहे. गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा होते. म्हणजे यादीत नाव नसेल तर तुम्ही गावात वीस वर्षं नांदत असलात तरी कागदावर ग्रामसभेच्या सदस्य नाही. घरकुलाची यादी, पाण्याची योजना, रोजगार हमीची कामं यांवर ग्रामसभेत हात वर करायचा हक्क यादीतल्या नावाबरोबर येतो. ग्रामसभेच्या आधी जी महिलांची सभा घ्यायची असते, तिच्यातही हेच.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. उद्या गटातल्या एखाद्या ताईला उभं राहायचं म्हटलं, तर वय २१ पूर्ण हवं आणि नाव त्या गावच्या यादीत हवं. यादीत नाव नसलेल्या बाईला उमेदवारी अर्जच भरता येत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ : दारूचं दुकान. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान अनेक गावांनी पाहिलं आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या परवानाधारक दारू दुकानाविरुद्ध २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दुकान बंद होतं. 'एकूण' हा शब्द नीट ऐका. मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे, यादीत असलेल्या बायकांच्या निम्म्या.

समजा, एका गावच्या यादीत ८०० बायकांची नावं आहेत. त्यातल्या ९० मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदतात, पण नाव इथेच आहे. ३० आज्या वारल्या, त्यांचीही नावं तशीच आहेत. म्हणजे यादीतल्या प्रत्यक्ष गावात असणाऱ्या बायका ६८० राहिल्या. शिवाय या गावात लग्न होऊन आलेल्या ७० सुनांची नावं यादीत नाहीतच.

दुकान बंद करायला ८०० च्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ४०१ मतं हवीत. ती मिळवायची ६८० बायकांकडून, म्हणजे दर दहाजणींमागे सहाजणींनी येऊन आडवी बाटली केली पाहिजे. ज्या ७० सुनांच्या घरात दारूनं रोज भांडण होतं, त्यांची सही पडताळणीत बाद होते आणि त्यांना मतही देता येत नाही.

हीच यादी दुरुस्त असती तर? १२० नावं कमी, ७० नावं जास्त, यादी ७५० ची. मतं हवीत ३७६ आणि सगळ्या ७५० जणी गावातच. हिशेब लगेच बदलतो. गावातल्या बायका तेवढ्याच आहेत, फरक फक्त यादीचा आहे.

२. बाईचंच नाव का हरवतं?

पुरुष जन्मतो त्या गावातच बहुतेक वेळा राहतो. अठरा वर्षांचा झाला की नाव लागतं, ते तिथेच टिकतं. मुलीचं तसं होत नाही. अठराव्या वर्षी माहेरचे म्हणतात, "आता वर्षभरात लग्न होऊन जायचीय, इथं नाव लावून काय करायचं?" सासरचे म्हणतात, "माहेरी लागलं असंल की." अशी मुलगी पंचविशीची होते, दोन लेकरांची आई होते, तरी तिचं नाव कुठेच नसतं. किंवा माहेरी लागलेलं असतं आणि ती सासरी असते.

बाईच्या नावाची ही अडचण पार पहिल्या निवडणुकीपासूनची आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. तिच्यासाठी याद्या करताना घरोघरी गेलेल्या माणसांना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. नाव लिहिलं गेलं ते 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की मतदाराचं स्वतःचं नाव नसेल तर ती नोंद चालणार नाही. नाव सांगण्यासाठी मुदतही दिली. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख नावं यादीतून गळाली. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान या भागांत ती सर्वांत जास्त होती.

आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला उखाणा लागतो. तिथे बाईला स्वतःचं नाव घेणंही जड गेलं, आणि मत गेलं.

आज नाव सांगायला कोणी लाजत नाही. पण नाव कुठल्या गावात आहे, कसं लिहिलंय, अर्ज कोणाच्या मोबाइलवरून भरला, हे अजूनही घरातला दुसराच माणूस बघतो. ते आपण बघायला शिकायचं.

३. आधी नाव तपासा

निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ आहे : व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन. शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, ते बघा. ती सरकारी पत्त्याची खूण आहे. मोबाइलसाठी आयोगाचं ॲपही आहे.

तिथे 'मतदार यादीत नाव शोधा' असा भाग असतो. कार्डावरचा क्रमांक टाकून, मोबाइल क्रमांक टाकून किंवा नाव, वय, जिल्हा अशी माहिती भरून शोधता येतं. एका चौकटीत वेडीवाकडी अक्षरं दिसतील, ती जशीच्या तशी टाकायची. माणूसच माहिती भरतोय ना, हे संगणक त्यावरून ओळखतो.

नाव सापडलं की या चार गोष्टी बघा :
• गाव आणि मतदान केंद्र आत्ता राहता तिथलंच आहे का?
• स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव बरोबर आहे का?
• वय आणि लिंग बरोबर आहे का? (बाईच्या नावापुढे 'पुरुष' असं छापलेलं पुष्कळदा सापडतं.)
• यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक किती? हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. मतदानाच्या दिवशी शोधाशोध वाचते.

नेट नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा, किंवा गावातल्या बीएलओंकडची यादी बघा. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. अनेक गावांत अंगणवाडी सेविका किंवा शाळेतले शिक्षकच हे काम करतात.

४. कोणता अर्ज कशासाठी?

तीन क्रमांक लक्षात ठेवले की पुरे.

नमुना ६ : यादीत नाव कुठेच नाही, पहिल्यांदाच लावायचं आहे.

नमुना ८ : नाव आहे, पण बदल हवा. गाव बदललं, नाव-वय-फोटो चुकला, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची, या सगळ्यासाठी हा एकच अर्ज.

नमुना ७ : नाव कमी करायचं. घरातलं माणूस वारलं, तर मृत्यूच्या दाखल्यासह घरच्यांनी हा अर्ज द्यायचा.

लग्न होऊन आलेल्या ताईंनो, माहेरी नाव असेल तर तुमचा अर्ज नमुना ८ आहे, नमुना ६ नव्हे. इथे फार गोंधळ होतो. माहेरचं नाव तसंच ठेवून सासरी नमुना ६ भरला, तर दोन ठिकाणी नाव होतं. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, एकदाच असू शकतं. 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं अर्जात खोटं लिहिलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नमुना ८ मध्ये 'स्थलांतर' निवडलं की जुन्या गावचं नाव निघतं आणि नव्या गावी लागतं. कार्डाचा क्रमांक तोच राहतो.

वयाचा नियमही बदलला आहे. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं. २०२२ पासून चार तारखा झाल्या : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १५ ऑगस्टला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला आता पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरच्या तारखेला ती पात्र होते. आणि १७ पूर्ण झाले की अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. गटातल्या कोणाच्या मुली-सुना या वयाच्या आहेत, त्यांची नावं आजच लिहून घ्या.

५. मोबाइलवरून अर्ज : एकेक पायरी

आधी सामान जमवा. सैपाकाला बसण्याआधी आपण जिन्नस काढून ठेवतो, तसं :
• पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो
• वयाचा पुरावा : जन्मदाखला, आधार, पॅन, दहावी-बारावीचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एक
• पत्त्याचा पुरावा : आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, जमिनीचा महसुली कागद, नोंदणी केलेला भाडेकरार यांपैकी एक
• घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मतदाराच्या कार्डाचा क्रमांक
• चालू मोबाइल, जो अर्ज भरताना तुमच्या हातात असेल

कागदांचे फोटो उजेडात काढा. अक्षर वाचता आलं पाहिजे. वर सांगितलेले पुरावे नसतील तरी खचू नका, दुसरा पुरावा देता येतो. मग बीएलओ घरी येऊन खात्री करतात.

पहिली पायरी : संकेतस्थळावर जाऊन मोबाइल क्रमांकानं खातं उघडा. ओटीपी येईल तो टाका.

दुसरी पायरी : हवा तो नमुना निवडा. राज्य, जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघ निवडा. मतदारसंघ माहीत नसेल तर घरातल्या कोणाचं तरी कार्ड किंवा यादीतलं नाव बघा. तालुका आणि मतदारसंघ दरवेळी एकच असतो असं नाही.

तिसरी पायरी : नाव भरा. इंग्रजीत टाकलं की मराठीत आपोआप उमटतं, पण ते दरवेळी बरोबर उमटत नाही. मराठी अक्षरं स्वतः वाचा आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करा. आधारवर जसं नाव आहे, तसंच ठेवलं तर पुढे त्रास कमी.

चौथी पायरी : नातेवाइकाचं नाव. इथे नवऱ्याचंच नाव लागतं असा समज आहे. अर्जात वडील, आई, पती असे पर्याय आहेत, त्यातलं कोणतंही एक नाव चालतं. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या सख्यांनी हे मनात पक्कं करावं. आईचं नाव दिलं तरी अर्ज पूर्ण आहे. आणि अर्जाला नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही.

पाचवी पायरी : जन्मतारीख, पत्ता, कधीपासून राहता ते भरा आणि कागदांचे फोटो जोडा. आधार क्रमांक देता आला नाही, तर नाही असं नमूद करण्याची सोय आहे. योग्य कारणामुळे आधार देता आलं नाही, तर तेवढ्यावरून अर्ज नाकारता येत नाही, असं कायदा सांगतो.

सहावी पायरी : पाठवण्याआधी सगळा अर्ज पुन्हा वाचा. मग पाठवा. शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागितला जाऊ शकतो. आधारला मुलाचा किंवा जावयाचा नंबर जोडलेला असेल आणि तो पुण्याला असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. म्हणून आधारला आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या. बँकेच्या कामालाही तो लागतोच.

सातवी पायरी : अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो. ही तुमची पावती आहे. गटाच्या वहीत ताईच्या नावापुढे लिहून ठेवा. या क्रमांकावरून अर्ज कुठवर पोचला, ते केव्हाही बघता येतं.

अर्ज गेला म्हणजे नाव लागलं, असं समजू नका. बीएलओ घरी येऊन खात्री करतात, अर्जांची यादी हरकतींसाठी लावली जाते, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. म्हणून काही आठवड्यांनी यादीत नाव पुन्हा शोधा. नाव दिसलं की काम झालं. कार्ड टपालानं येतं, आणि मोबाइलवर ई-कार्डही उतरवून घेता येतं.

या कामाला आयोगाची फी शून्य आहे. सेवा केंद्रातून भरलात तर तो त्याच्या कामाचे पैसे घेईल, पण अर्जात मोबाइल नंबर तुमचा टाकायला लावा. त्यानं घाईत स्वतःचा टाकला, तर सगळे निरोप त्याला जातील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

आणि मोबाइलवर काही जमलंच नाही, तर हाच अर्ज कागदावर भरून बीएलओंकडे देता येतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मोबाइलमुळे तहसीलची चक्कर आणि एका दिवसाची मजुरी वाचते. हक्क दोन्हीकडे सारखाच.

६. बैठकीत येणारे प्रश्न

"आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, ते थेट उन्हाळ्यात येतो. आमचं नाव कापतील का?"
कायदा सांगतो, की माणूस काही काळासाठी बाहेर गेला म्हणून त्याचा गावचा रहिवास संपत नाही. बीएलओ घरी येतील तेव्हा घरात जे असेल त्याला सांगून ठेवा : कामाला गेलेत, गाव सोडलं नाही. २०२४ ची विधानसभेची मतदानाची तारीख २० नोव्हेंबर होती, ऐन तोडीच्या दिवसांतली. म्हणून निघण्याआधी नाव तपासणं तुमच्यासाठी जास्त गरजेचं आहे.

"ग्रामपंचायतीसाठी वेगळी नोंदणी करायची का?"
नाही. विधानसभेच्या यादीवरूनच राज्य निवडणूक आयोग प्रभागवार यादी करतो. आधी विधानसभेच्या यादीत नाव लागलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या प्रभागवार यादीचा मसुदा लागला की आपलं घर चुकून दुसऱ्या प्रभागात तर गेलं नाही ना, तेही बघा. त्यासाठी हरकत द्यायला थोडेच दिवस असतात.

"निवडणूक लागल्यावर भरलं तर?"
उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीच्या यादीत नवं नाव लागत नाही. अर्जाच्या पडताळणीलाही वेळ लागतो. भिंतीवर पोस्टर लागायची वाट बघू नका.

"न सांगता नाव कापलं तर?"
तुम्ही गावात राहत नाही किंवा पात्र नाही, असं म्हणून नाव काढायचं असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटीस आली तर फेकू नका, तारखेला जा, गटातली एखादी सखी बरोबर न्या. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथलाही निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

"सासूबाई नव्वदीच्या आहेत, केंद्रावर येववत नाही."
लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग असलेल्या मतदारांना घरून मतदान करता येतं. त्यासाठी निवडणूक जाहीर झाल्यावर वेळेत अर्ज द्यावा लागतो. पण त्यांचं वय यादीत बरोबर लागलेलं हवं. ते आत्ताच बघून घ्या.

"फोन आला होता, नाव कटणार आहे, ओटीपी सांगा म्हणाला."
सांगू नका. फोन करून कोणी ओटीपी मागितला, की तो फसवणारा समजा. मोबाइलवर आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. शंका आली तर फोन ठेवा आणि स्वतः १९५० ला लावा.

७. गटाचं काम

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटानं एक पान आखायचं आहे. रकाने असे :
सखीचं नाव | यादीत नाव आहे का | कोणत्या गावी | काय चुकलंय | कोणता नमुना | संदर्भ क्रमांक | यादीत दिसलं ती तारीख

शेवटचा रकाना भरेपर्यंत त्या ताईचं काम उघडं समजायचं. कर्जाचा हप्ता बाकी असला की आपण तिच्या दारी जातो ना, तसंच.

ज्या सखीला मोबाइल नीट चालवता येतो, तिनं दोघींना शिकवायचं. त्यांच्यासाठी स्वतः बटणं दाबून द्यायची नाहीत. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही नुसतं सांगा. वेळ लागेल, लागू दे. मत कोणाला द्यायचं यावर मात्र या बैठकीत बोलायचं नाही. गटात सगळ्या पक्षांच्या सख्या आहेत आणि मत गुप्त आहे.

चर्चेसाठी तीन प्रश्न :
१. आपल्या गल्लीत मागच्या पाच वर्षांत लग्न होऊन आलेल्या सुना किती? त्यातल्या कितीजणींचं नाव इथल्या यादीत आहे?
२. आपल्या घरातल्या लग्न झालेल्या मुलीचं नाव अजून इथेच आहे का? तिला फोन करून नमुना ८ सांगितला का?
३. आपल्या आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे?

ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंनी सगळ्या गटांची पानं एकत्र करून आकडे प्रभाग संघाकडे पाठवावेत : किती नावं तपासली, किती चुकीची निघाली, किती अर्ज गेले, किती यादीत लागली. जिथे बऱ्याच जणींचे अर्ज अडकलेत, तिथल्या ताईंची यादी आणि संदर्भ क्रमांक घेऊन आपण सगळ्याजणी मिळून तहसील कार्यालयात मतदार नोंदणीच्या टेबलाशी जाऊ. एकटीला "उद्या या" म्हणतात. चाळीसजणी हातात पावती घेऊन उभ्या राहिल्या, तर कागद काढून बघावाच लागतो.